शीण, थकवा आणि ताण : श्रमजन्य अनारोग्याचा एक भाषिक विचार

श्रमाने माणूस थकतो आणि विश्रांतीने तो पुन्हा ताजा होतो, ही सर्वांच्या अनुभवाची गोष्ट होय. परंतु असाही एक थकवा असतो की, जो रात्रभर झोप घेऊनही उतरत नाही. असा थकवा घेऊन आलेला मनुष्य वैद्याला आपले दुखणे सांगू लागतो, तेव्हा त्याला ते शब्दांतूनच सांगावे लागते. कारण थकवा नाडीवर मोजता येत नाही आणि ज्वरासारखा तापमापकात उतरत नाही. म्हणून कामाच्या ठिकाणी निर्माण होणारा ताण आरोग्याची हानी कशी करतो, हा प्रश्न वैद्यकाचा असला तरी त्याची पहिली पायरी भाषेची आहे. या लेखाचा हेतू ही पायरी तपासून पाहण्याचा आहे. विवेचनासाठी वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील धनज हे गाव व त्याचा परिसर समोर ठेवला आहे.

धनज ही निवड वरवर पाहता विचित्र वाटेल. श्रमस्थळातील ताणाचा शास्त्रीय विचार गिरण्या, कचेऱ्या आणि कारखाने यांच्या निरीक्षणातून वाढला. धनजच्या भोवती आहेत ती सोयाबीन, कपाशी आणि तूर यांची शेते. परंतु सालदार, रोजाने जाणारी मजूर स्त्री, ठेक्याने सोंगणी करणारी टोळी, गावची आशा स्वयंसेविका व अंगणवाडी सेविका या सर्वांनाच ‘कामाची जागा’ आहे. फक्त तिला भिंती नाहीत. जो सिद्धांत भिंतींच्या आतील श्रमालाच लागू पडेल, तो अपुरा मानावा लागेल.

१. थकव्याची शब्दसंपदा

मराठीत श्रमानंतरच्या अवस्थेसाठी शब्दांची वाण नाही. ‘शीण’ हा शब्द संस्कृत ‘क्षीण’ या शब्दाशी जोडता येतो; क्षेत्रापासून शेत झाले त्याच ध्वनिनियमाशी हे सुसंगत आहे. ‘दमणे’ या क्रियापदात दम म्हणजे श्वास आहे. चढ चढून आलेला माणूस दमतो आणि क्षणभर बसला की त्याचा दम परत येतो. ‘श्रम’ हा शब्द तर दुहेरी आहे. संस्कृतात ‘श्रम्’ या धातूचा अर्थ थकणे असाही होतो आणि कष्ट करणे असाही. मराठीने हे दोन्ही अर्थ राखले. ‘फार श्रम घेतले’ म्हणजे कष्ट केले. ‘प्रवासाचे श्रम झाले’ म्हणजे थकवा आला. कारण आणि कार्य यांना एकाच शब्दाने ओळखणारी ही भाषा आहे.

या शब्दांपेक्षाही ते ज्यांना लागतात ती कर्तृपदे अधिक बोलकी आहेत. ‘अंग’ दुखते, मोडून येते, आंबते; ‘जीव’ शिणतो, मेटाकुटीला येतो, नकोसा होतो. वऱ्हाडी बोलीतही हा भेद स्पष्ट आहे. ‘आंग दुखून राह्यलं’ असे म्हणणारा कालच्या डवरणीकडे बोट दाखवतो. ‘जीव शिनून गेला’ असे म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा एका दिवसाचे काम नसते. त्यात घर, कर्ज, मुकादमाचे बोलणे आणि उद्याची चिंता ही सारी सामावलेली असतात. अंगाचा शीण आणि जीवाचा शीण हे सामान्य माणूस वेगळे ओळखतो. शास्त्राने जो भेद बऱ्याच खटाटोपाने प्रस्थापित केला, तो बोलीत आधीपासून आहे.

‘थकणे’ या क्रियापदाचा एक विशेष येथे नोंदविला पाहिजे. मराठीत माणूस थकतो, तसेच पैसेही थकतात. ‘पगार थकला’, ‘मानधन थकले’, ‘भाडे थकले’ हे प्रयोग नित्याचे आहेत आणि ‘थकबाकी’ हा शब्द त्यांतूनच सिद्ध झाला. शक्ती संपून थांबणे आणि देणे न चुकता राहून जाणे, या दोन अर्थांची एकाच धातूत पडलेली गाठ केवळ योगायोगाची समजली, तरी पुढे दिसेल त्याप्रमाणे श्रमिकाच्या आयुष्यात या दोन गोष्टी पुष्कळदा बरोबरच घडतात.

२. ‘ताण’ शब्दाचा प्रवास

‘ताण’ हा शब्द ‘तन्’ म्हणजे पसरणे, ओढणे या धातूपासून आला. मागावरील ताणा, तंबूचा तणावा आणि दोरीचा ताण ही त्याची मूळची स्थाने. पदार्थविज्ञानाने तो दोरीतील ओढीसाठी पारिभाषिक केला. मनुष्याच्या मनःस्थितीला तो रूढपणे लागू लागला तो यानंतर, आणि त्यामागे पाश्चात्त्य शरीरशास्त्रातील एक कल्पना होती.

अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये दाखवून दिले की, भय, क्रोध, भूक किंवा वेदना उद्भवली असता अधिवृक्क ग्रंथींतून स्राव होऊन शरीर लढण्याच्या अथवा पळण्याच्या तयारीत येते. हृदयाची गती वाढते, रक्तात साखर सोडली जाते, पचनाचे काम मंदावते. १९३६ मध्ये मॉन्ट्रियल येथील हान्स सेल्ये यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक लहानसे पत्र प्रसिद्ध केले. थंडी, जखम, अतिश्रम, विष अशा अगदी भिन्न आघातांना उंदरांची शरीरे एकाच साच्याचा प्रतिसाद देतात, असे त्यांना आढळले होते. या प्रतिसादाच्या तीन अवस्था त्यांनी कल्पिल्या : प्रथम इशारा, नंतर प्रतिकार, आणि आघात चालूच राहिला तर शेवटी क्षय. त्या पत्रात ताण या अर्थाची संज्ञा नव्हती. ती सेल्ये यांनी पुढे पदार्थविज्ञानातून उसनी घेतली. मराठीने त्या संज्ञेला ‘ताण’ हा प्रतिशब्द दिला.

परंतु या नव्या अर्थाच्या जवळपास पोचणारा एक प्रयोग वऱ्हाडच्या शेतकऱ्याजवळ स्वतंत्रपणे होता, इकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे जात नाही. विदर्भातील संत्र्याच्या बागेला बहार धरण्यासाठी ‘ताण देतात’. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात आणि मृग बहारासाठी उन्हाळ्यात बागेचे पाणी बंद करतात. पाने मलूल होतात, काही गळतात, झाडाची वाढ थांबते. मग योग्य वेळी खत-पाणी देऊन ‘ताण तोडतात’ आणि झाड फुलावर येते. हलक्या जमिनीत ताणाचा काळ कमी ठेवावा लागतो. ओल धरून ठेवणाऱ्या भारी जमिनीत तो लांबतो. ताण बसलाच नाही तर फूल येत नाही. ताण जास्त झाला तर फांद्या वाळतात, आणि असे वारंवार घडले तर झाडच जाते.

या शेतीप्रयोगात तीन तत्त्वे आहेत. मर्यादित ताण घातक नसून कार्यसाधक असतो. ताणाची मर्यादा झाड कोणत्या जमिनीत उभे आहे यावर अवलंबून असते. आणि ताण देण्याइतकेच तो वेळेवर तोडणे महत्त्वाचे असते. मनुष्याच्या बाबतीत आधुनिक शास्त्र नेमके हेच सांगते.

३. न तुटणारा ताण

शरीराचा आपत्कालीन प्रतिसाद अल्पकाळासाठी योजलेला आहे. मेंदूतील अधश्चेतकापासून पोषग्रंथीकडे आणि तेथून अधिवृक्क ग्रंथीकडे संदेश जातो व कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक रक्तात येते. निरोगी अवस्थेत त्याचे प्रमाण सकाळी अधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. ही लय माणसाला सकाळी उठवते व रात्री निजवते. काळजी रात्रीही चालू राहिली तर ही लय बिघडते. झोप लागते, पण गाढ लागत नाही. स्नायू सैल पडत नाहीत, म्हणून मान आणि पाठ दुखते. रक्तदाब व रक्तातील साखर चढी राहते. रोगप्रतिकाराची शक्ती मंदावते. अशा माणसाला सकाळी उठल्यावरच थकल्यासारखे वाटते, कारण कालचा खर्च भरून निघालेलाच नसतो. ब्रूस मॅकईवेन व एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये शरीरावर अशा रीतीने साचत जाणाऱ्या झिजेची कल्पना मांडली. व्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर ती शरीराची थकबाकी होय.

मग प्रश्न असा की, कोणत्या प्रकारच्या कामातून हा न तुटणारा ताण उत्पन्न होतो? जबाबदारी जितकी मोठी तितका ताण अधिक, असा सर्वसाधारण समज असतो. ब्रिटिश सरकारी नोकरांच्या पाहणीने या समजाला धक्का दिला. १९६७ मध्ये लंडनच्या व्हाइटहॉल कचेऱ्यांतील सुमारे अठरा हजार पुरुष नोकरांची पाहणी सुरू झाली. हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांत तिपटीहून अधिक आढळले, आणि धूम्रपान, रक्तदाब इत्यादी परिचित कारणांनी या तफावतीचा पुरता उलगडा होईना. मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून दुसऱ्या पाहणीत १०,३०८ स्त्री-पुरुषांचा मागोवा घेतला. १९९७ मधील त्यांच्या निष्कर्षानुसार, आपल्या कामावर आपले नियंत्रण नसणे हा या विषमतेतील फार मोठा घटक होता.

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेला सिद्धांतही असाच आहे : कामाची मागणी मोठी आणि ते कसे, केव्हा, किती करावे हे ठरविण्याची मुभा लहान, अशा ठिकाणी ताण सर्वाधिक असतो. योहानेस झीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये त्याला दुसरी बाजू जोडली. माणूस जितके देतो तितके त्याला वेतन, मान व स्थैर्य या रूपाने परत मिळाले नाही, तर त्या विषमतेनेच शरीर झिजते. कामाच्या तासांचा परिणाम याहून वेगळा मोजता येतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेने पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी व हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. २०१६ या एका वर्षात अशा दीर्घ श्रमाशी निगडित मृत्यू ७,४५,००० होते.

४. धनजच्या शिवारात

हे सिद्धांत धनजच्या परिसरातील श्रमाला लावून पाहिले असता पुष्कळ गोष्टी उकलतात. रोजाने जाणाऱ्या मजुराचा दिवस ठरलेला असतो. सायंकाळी काम सुटले की त्या दिवसापुरता ताण तुटतो. ठेक्याने सोंगणी घेणारी टोळी अधिक पैसा मिळविण्यासाठी स्वतःच आपला वेग वाढवते. अंग अधिक शिणते, परंतु वेगाचे नियंत्रण निदान टोळीच्या हाती असते. सालदाराची स्थिती याहून निराळी आहे. त्याचा करार वर्षाचा. पहाटेच्या वैरणपाण्यापासून रात्रीच्या ओलितापर्यंत केव्हाही हाक येऊ शकते. एकेका तासाचे काम कदाचित सोंगणीपेक्षा हलके असेल. तथापि दिवस संपला असे म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. उचल घेतलेली असेल तर सोडून जाण्याचीही मुभा नाही. कॅरासेक यांच्या परिभाषेत ही मोठ्या मागणीची व अल्प नियंत्रणाची जागा होय.

आशा स्वयंसेविकेचे उदाहरण झीग्रिस्ट यांच्या सिद्धांताला अधिक जवळचे आहे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ही योजना आली. साधारणतः एक हजार लोकसंख्येमागे एक स्वयंसेविका असे तिचे प्रमाण. दवाखान्यात जन्मलेल्या प्रत्येक बालकासाठी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा गृहभेटी द्यावयाच्या, गरोदर स्त्रीला दवाखान्यात न्यावयाचे, लसीकरणाला मुले जमवायची, पाहण्या करावयाच्या व नोंदी भरावयाच्या. प्रसूतीला घड्याळ नसते, म्हणून या कामालाही नसते. नाव स्वयंसेविकेचे, मोबदला मुख्यतः कामानुसार, आणि त्याला शब्द ‘मानधन’. या समासात मान आधी आहे व धन मागाहून; प्रत्यक्षात दोन्हींसाठी झगडावे लागले. करोनाच्या साथीत वाढलेल्या कामाचा योग्य मोबदला मागण्यासाठी महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशा १५ जून २०२१ पासून संपावर गेल्या. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. तरीही २०२३ च्या ऑक्टोबरात व २०२४ च्या आरंभी त्यांना पुन्हा आंदोलन करावे लागले, तेव्हा मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने मानधनात दरमहा ५,००० रुपयांची वाढ मान्य केली. मानधन थकले की माणूस थकतो. ‘थकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ येथे एकाच उंबरठ्यावर भेटतात.

५. व्याकरण आणि दोषारोप

आता मूळ भाषिक प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. ‘माझ्यावर कामाचा ताण पडतो’ या वाक्यात ताण हे बाहेरून येणारे ओझे आहे आणि त्याचा उगम ‘कामाचा’ या षष्ठीने दाखविला आहे. ‘मला ताण येतो’ या वाक्यात, ताप किंवा झोप यावी तसा तो अनुभवणाऱ्याला येतो. वऱ्हाडीत येथे ‘मले’ असे रूप होईल. उगम मात्र या वाक्यात उरलेला नाही. अलीकडे सर्वत्र पसरलेला ‘टेन्शन’ हा शब्द ‘घेणे’ या क्रियापदाबरोबर येतो. ‘टेन्शन घेऊ नको’ या आज्ञार्थात ताण ही घ्यावयाची वस्तू ठरते आणि ती घेणारा कर्ता ठरतो. जो घेतो त्याने न घेतल्यास प्रश्न मिटला, असा या रचनेचा ध्वनी आहे. पडतो, येतो, घेतो : या तीन क्रियापदांत दोष कामाकडून माणसाकडे सरकत जातो. सालदाराला टेन्शन घेऊ नको म्हणणे सोपे आहे. परंतु त्याचे ओलित कोणत्या वेळी संपावे, हा प्रश्न त्या वाक्यात बसत नाही.

असाच अर्थसंकोच दवाखान्याच्या नोंदवहीत होतो. ‘जीव शिनून गेला’ या तक्रारीची नोंद ‘अशक्तपणा’ अशी होते, आणि अशक्तपणाला उत्तर म्हणून शक्तीची गोळी मिळते किंवा सलाईन लावले जाते. हे सर्वस्वी चूक आहे असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ मधील पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. थकव्यामागे रक्तक्षय, क्षयरोग, मधुमेह किंवा अवटू ग्रंथीचा विकार असू शकतो, आणि ताणाचे नाव घेऊन ही तपासणी टाळणे हा घोर प्रमाद होईल.

परंतु तपासणीनंतरही प्रश्न शिल्लक राहतो. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील २,४९४ स्त्रियांची पाहणी करून २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सहा महिने किंवा अधिक काळ टिकलेला थकवा १२.१ टक्के स्त्रियांनी सांगितला. या थकव्याचा संबंध रक्तातील हिमोग्लोबिनच्या प्रमाणाशी आढळला नाही. तो आढळला सामाजिक हलाखीशी, घरात निर्णयाचा अधिकार व आधार नसण्याशी आणि मनःस्वास्थ्य ढासळण्याशी. राधिका रामसुब्बन व भंवर ऋष्यशृंग यांनी मुंबईतील झोपडवस्तीत ‘अशक्तपणा’ या शब्दाचाच अभ्यास केला. त्यांनाही या शब्दात केवळ देहाची तक्रार आढळली नाही, स्त्रियांच्या एकूण जगण्याचा भार त्यात सामावलेला दिसला. नियंत्रणाचा अभाव व्हाइटहॉलच्या कारकुनाला जसा भोवतो, तसाच तो गोव्यातील गृहिणीलाही भोवतो.

६. ताण तोडण्याचा अधिकार

या विवेचनावरून व्यवहाराला उपयुक्त अशा दोन गोष्टी सुचतात. पहिली प्रश्न विचारण्याच्या पद्धतीविषयी आहे. आरोग्याच्या प्रश्नावल्या इंग्रजीतून भाषांतरित होतात आणि ‘तुम्हाला ताण जाणवतो का?’ असा प्रश्न वऱ्हाडातील शेतमजुरापुढे ठेवला जातो. त्याच्या बोलीत ताण बागेला देतात. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले तर नवल नाही. त्याऐवजी ‘रात्री निजून उठल्यावर शीण जातो का?’, ‘अंग दुखते की जीव शिणतो?’, ‘काम केव्हा संपवायचे हे कोण ठरवते?’ असे प्रश्न विचारले तर थकव्याचा प्रकार आणि त्याचा उगम हे दोन्ही कळू शकतील. बोलीभाषेचे वर्णन करणाऱ्या अभ्यासकाचे काम येथे वैद्याच्या कामाला प्रत्यक्ष साहाय्यभूत होते.

दुसरी गोष्ट उपायाविषयी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात व्यवस्थित हाताळला न गेलेल्या दीर्घकालीन श्रमस्थळीय ताणातून येणाऱ्या गळाठ्याची नोंद केली आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यात या अवस्थेला रोग न म्हणता व्यवसायसंबद्ध घटना म्हटले आहे. ही वर्गवारी भाषिक दृष्ट्याही अर्थपूर्ण आहे. ज्याचा उगम कामात आहे, त्याचा उपाय प्रथम कामातच शोधावा, असे तिच्यातून निघते.

मराठी मुलखाला हा विचार परका नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणीकामगारांनी आपल्या मागण्यांचा अर्ज केला. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या आणि आठवड्याची सुट्टी ही त्यातील प्रमुख मागणी होती. १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी ती मान्य केली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ही दैनिक मर्यादा १२ तासांपर्यंत वाढविण्यास मान्यता दिली. आठवड्याचे एकूण तास तेच राहिले, तरी एका दिवसाचा शीण त्याच रात्रीत भरून निघतो की नाही, हा प्रश्न अशा वेळी विचारला गेलाच पाहिजे. सालदार व आशा यांच्यापर्यंत तर तासांची मर्यादाच अजून पोचलेली नाही.

संत्र्याचा बागवान ताण देताना दिवस मोजतो, जमिनीचा पोत पाहतो, पानांवर नजर ठेवतो आणि वेळ येताच पाटाचे पाणी सोडतो. झाडाला स्वतःचा ताण तोडता येत नाही, हे त्याला ठाऊक असते, म्हणून ती जबाबदारी तो आपली समजतो. मनुष्याला बोलता येते. आपला शीण कोणत्या प्रकारचा आहे हे तो आपल्या बोलीत नेमके सांगतो. ते ऐकणाऱ्याने त्याच्या शब्दांची नोंद जशीच्या तशी करावी, हे पहिले कर्तव्य होय. पाणी केव्हा सोडावयाचे, हे त्यानंतरच ठरविता येईल.